कोचीतला लपवलेला दिवस

अण्णा,

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. विहार समितीच्या पोरांनी मला एक छापील कागद आणून दिलाय. वर तुझा फोटो, खाली रिकाम्या ओळी. जन्म, शिक्षण, व्यवसाय, समाजकार्य. "मॅडम, तुमी शाळंत शिकवताव, तुमीच लिवा," म्हणाले. दोन दिवस झाले, त्या ओळी तशाच आहेत. तुझं नाव लिहिते आणि पुढं पेन चालत नाही. तुझ्याबद्दल खरं लिहायचं तर आधी माझ्याबद्दल खरं सांगावं लागेल, आणि ते त्या कागदावर मावणारं नाही.

म्हणून हे तुलाच लिहितेय. तुला जाऊन अकरा दिवस झाले. अजून फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. आता भ्यायचं कशाला, सांग? जे व्हायचं ते होऊन गेलं. पण भीतीला ते कळलेलं दिसत नाही. ती रोज येते आणि मी उठून मोबाइल बघते.

तू कोचीला जायचं काढलंस तेव्हा मी हसले होते. मुडबीचा गवंडी, बसवकल्याणच्या पलीकडं फार तर सोलापूर-हैदराबाद बघितलेला, आणि म्हणतोय समुद्राकाठचं जुनं गाव बघायला जायलोय. कुणीतरी तुझ्या मोबाइलवर त्या गावातल्या वखारींचा व्हिडिओ पाठवला होता. चार-साडेचारशे वर्षं खारं वारं आणि सहा-सहा महिने पाऊस खाऊन उभ्या राहिलेल्या चुन्याच्या भिंती. तू तो व्हिडिओ भाकरी खाता खाता बघायचास आणि घास तसाच हातात राहायचा.

कारण विहाराचं काम तुझ्याकडं होतं, आणि तुला ते चुन्यात करायचं होतं. समितीची पोरं तुझ्यावर हसली. "काका, कोणत्या जमान्यात राहायलाव? सिमेंट आणा, स्लॅब टाका, मोकळं व्हा." तू त्यांना उत्तर दिलं नाहीस. मला दिलंस, आपल्या ओट्यावर बसून.

"वंदू, आज्यानं बिदरच्या किल्ल्याच्या डागडुजीला दगड वाह्यला. डोस्क्यावर. पण चुन्याला हात लावू दिला न्हाई कुणी त्याला. थापी वरच्या लोकांची, वझं आपलं. आता आपला विहार व्हायलाय तर त्यो चुना आपल्या हातानं लावायचा न्हाई का?"

मी म्हटलं, "लोकांना पावसाळ्याच्या आत डोक्यावर छत पाहिजे. तुझ्या हौसेपायी कामून थांबायचं सगळ्यांनी?"

"हौस न्हाई ती," तू म्हणालास, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

ते भांडण आपलं तिथंच राहिलं. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं.

मग छातीत दुखायला लागलं. तू म्हणालास अपचन. वहिनीनं आणि मी तुला ओढून सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी यंत्रात घालून छातीचे फोटो काढले, मोठ्या डॉक्टरांना दाखवून दोन-तीन दिवसांत कळवतो म्हणाले. कामावर तू फोन उचलत नाहीस म्हणून नंबर माझा दिला. तिकिटं आधीच काढलेली होती. प्रवास केला तर चालेल का, हे तू डॉक्टरांना विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही. नाही म्हणतील आणि मग तुझ्याशी भांडावं लागेल, या भीतीनं मी गप्प बसले. माझी पहिली चूक ती, पुढच्या सगळ्या तिच्या मागून आल्या.

स्टँडवर वहिनीनं मला बाजूला घेतलं. "तुझंच ऐकतेत ते. तू संगं हाईस म्हणून सोडायलेय. काय झालं तरी मला फोन कर. लपवू नको." मी मान हलवली.

कलबुर्गीहून गाडी सुटल्यापासून मी तुझ्याकडंच बघत होते. तू खिडकीबाहेर बघत होतास. रक्तदाब मोजायचं यंत्र मी शाळेतल्या बाईंकडून मागून आणलं होतं. गुंतकलच्या पुढं तुझ्या दंडाला पट्टा बांधला तर तू डबाभर लोकांसमोर म्हणालास, "आता ह्यांचं बघा." तुझा आकडा बरा निघाला. माझा तुझ्यापेक्षा जास्त. समोरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. तूही हसलास. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि पुन्हा तुझ्या गळ्याजवळची शीर बघत बसले. ती उडत होती. सगळ्यांचीच उडते, पण मला तेव्हा फक्त तुझी दिसत होती.

एर्नाकुलमहून बोटीनं पलीकडं गेलो. चोपन्नाव्या वर्षी तू पहिल्यांदा समुद्र बघितलास, आणि बघितलास तो किती वेळ? बोट काठाला लागायच्या आत तुझी नजर पाण्यावरून उठून काठावरच्या वखारींवर गेली. लाल कौलांची उतरती छपरं, खाली लांबच लांब पांढऱ्या-पिवळ्या भिंती, पाण्यात उतरणारी दारं. "बोट थेट दारात लागायची बघ. माल पाण्यातनं घरात," तू म्हणालास. मी तुझा हात धरून ठेवला होता. फळीवरून उतरताना पाय घसरला तर, हाच एक विचार.

त्या गावात मी काय बघितलं असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले, हे मी पोरांना शिकवलंय. तू ते भिंतीवर हात फिरवून वाचत होतास. "हे दार एकाचं हाय, खिडकी दुसऱ्यानं फोडलीय. कमान बघ कशी चिरलीय मधीच. आणि ही कौलं लई अलीकडची." एका घराचा गिलावा खाली कमरेएवढा पडला होता. आत लालसर, भोकाभोकांचा दगड. तू तिथं गुडघ्यावर बसलास.

"वंदू! जांभा! हा आपला बिदरचा दगड हाय की गं!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मावशीच्या गावात एखादा ओळखीचा भेटावा तसा तू त्या दगडावर पंजा ठेवून बसला होतास. मला लाज वाटली नाही, हे खरं सांगते. मला फक्त वाटलं, बसताना एवढा वाकलास, उठताना चक्कर येईल.

ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात गेलो. जमिनीला निळ्या-पांढऱ्या फरशा. चीनमधून जहाजानं आणलेल्या, हातानं रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. तू मान खाली घालून एकेक फरशी बघत पुढं सरकत होतास, आणि मला म्हणालास, "बिदरच्या मदरशाच्या भिंतीवर निळ्या फरशीचे तुकडे राहिलेत, ते आठवतेत का? ते इराणातनं आलेले. हे चीनहून. रंग बघ पण, एकाच पाण्यातनं काढल्यासारखा." तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन थरथरला. सोलापूरचा नंबर होता.

मी बाहेर गल्लीत आले. दोन्ही बाजूंना मसाल्यांची आणि जुन्या वस्तूंची दुकानं. मिरी-सुंठीच्या वासानं मला शिंका येत होत्या आणि डॉक्टर बोलत होते. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त. जिना चढू देऊ नका, ओझं उचलू देऊ नका, चिडू देऊ नका. आजच परत निघा, नाहीतर तिथंच मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि शेवटी म्हणाले, "हे बघा ताई, त्यांना घाबरवू नका."

मी ते शेवटचं वाक्य घट्ट धरलं. आधीची सगळी सोडून दिली आणि ते एक धरलं. घाबरवायचं नाही म्हणजे सांगायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. अनोळखी गाव, अनोळखी भाषा, दवाखान्यात तुला एकटीनं कसं न्यायचं, सही कुणी करायची, वहिनीला काय सांगायचं. परवाच्या गाडीचं तिकीट हातात होतं. एकच तर दिवस, मी स्वतःला म्हटलं. आत आले. तू विचारलंस, "कुणाचा फोन?"

"शाळेतनं," मी म्हटलं.

त्याच दुपारी तुला वर्गीस मेस्त्री भेटला. मला वाटतं, तो भेटला नसता तर संध्याकाळपर्यंत मी तोंड उघडलं असतं. एका वखारीची डागडुजी चालली होती आणि बाहेर चुन्याचा ढीग दिसला. तू सरळ आत घुसलास. मिस्त्रीला काय म्हणतात तिकडं, आपल्याला कुठं ठाऊक? कल्याणला कानडी लोक म्हणतात तसं तू हाक मारलीस, "ओ मेस्त्री!" आणि परातीवरून उठून एका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं "ओ!" दिली. तो शब्द तिकडंही तोच निघाला. तुम्ही दोघं हसायला लागलात. तो पूर्वी दुबईत काम केलेला, त्याची मोडकी हिंदी आणि तुझी आपली दखनी. पाच मिनिटांत तू ओल्या चुन्यात बोट बुडवून जिभेला लावलंस.

"गूळ," तू म्हणालास. "आणि... हिरडा!"

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. चुना शिंपल्यांचा होता, एवढाच फरक. बाकी गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, सगळं आपल्याकडं जुनी माणसं सांगायची तेच. तो म्हणाला, उद्या शेवटचा हात द्यायचाय, सकाळी या. तू माझ्याकडं बघितलंस. लहानपणी शाळेला सुट्टी मिळाल्यावर बघायचास ना, तसं. मी हो म्हटलं.

तो दुसरा दिवस. तोच मी लपवला.

अण्णा, त्या दिवशी मी तुला कशालाच हात लावू दिला नाही. तू घमेलं उचलायला वाकलास की मी धावायचे. "दे, मी नेते." चुन्यानं भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन, साडी वर खोचून, बसवकल्याणची मास्तरीण कोचीच्या वखारीत चुना वाहत होती. पाणीही मीच आणत होते. दुपारपर्यंत माझे हात भाजल्यासारखे लाल झाले. आणि तू भिंतीशी उभा राहून म्हणालास, "पटलं म्हणायचं तुला अखेर! चुन्याची हौस तुलाबी लागली." तुझा चेहरा किती उजळला होता. मी म्हटलं, "व्हय, पटलं." खोटं बोलले.

मग मेस्त्री तुला माळ्यावर छपराचं लाकूड दाखवायला निघाला. उभा, अरुंद लाकडी जिना.

"अण्णा, वर जाऊ नको!"

"कामून?"

"कामून म्हंजे? जिना जुना हाय."

मेस्त्री म्हणाला, "पक्का है, पक्का है." आणि तू चढलास. मी तुझ्या मागोमाग. पायऱ्या बावीस होत्या. दर पायरीला वाटत होतं आता, आता. वर पोचल्यावर तू घामानं भिजला होतास आणि मान वर करून बघत होतास. एकही खिळा नाही, तुळया एकमेकींच्या खाचेत बसवलेल्या, लाकडी खुंट्या मारलेल्या. "बघितलीस का? धरून ठेवलंय एकमेकांनी," तू म्हणालास. मी बघितलं नाही. मी तुझ्या ओठांचा रंग बघत होते.

खाली आल्यावर मेस्त्रीनं त्याची थापी तुझ्या हातात दिली. झिजून पातळ झालेली, लाकडी मूठ काळी पडलेली. तो म्हणाला, त्याच्या वडिलांची आहे. तू ती लगेच घेतली नाहीस. आधी हात पुसलेस. मग त्यानं दाखवलेल्या हातभर जागेवर तू चुना चढवलास, खालून वर, एका दमात, आणि मग घोटत बसलास. तासभर.  मेस्त्रीनं फक्त एकदा तुझं मनगट धरून कोन थोडा बदलला. ती जागा ओल्या दगडासारखी चमकायला लागली आणि तू बाजूला झालास. मला पाठमोरा होतास. तुझे खांदे हलत होते. आजोबा तुला आठवले असतील. मी विचारलं नाही.

आणि त्या वेळी, अण्णा, मला खरंच पटलं. मघाशी खोटं म्हटलं होतं ते तिथं उभ्या उभ्या खरं झालं. हे मी तुला कधीच सांगू शकले नाही, म्हणून इथं स्वच्छ लिहून ठेवते. ती हौस नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर, त्या मोठ्या चिनी जाळ्यांपाशी कट्ट्यावर बसलो होतो. पाच-सहा माणसं दोर ओढत होती आणि जाळं पाण्यातून वर येत होतं. संध्याकाळची गाडी होती. मला आणखी धरवेना. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, सगळं, आणि कधी म्हणाले तेही सांगितलं.

तू जाळं पूर्ण वर येईपर्यंत बघत राहिलास. मग म्हणालास, "परवाच ठाऊक होतं तुला?"

"व्हय."

"मी काय लेकरू हाय, वंदू?"

"तू घाबरशील म्हणून..."

"मी थांबलोच असतो. तू सांगितली असतीस तरीबी मी काल त्या मेस्त्रीकडंच गेलो असतो. पण माझं मी ठरवलं असतं. माझ्या जिवाचं तू कामून ठरवलीस?"

 मग तू हळूच विचारलंस, आणि त्याचा घाव अजून आहे. "म्हंजे काल घमेली उचललीस ती चुन्यासाठी न्हाई. ह्यासाठी."

तेव्हाच मी म्हणायला पाहिजे होतं. आधी ह्यासाठी होतं, पण नंतर नाही, नंतर खरंच पटलं. एवढं एक वाक्य. पण डॉक्टर म्हणाले होते चिडू देऊ नका, आणि तुझा आवाज चढला होता, आणि मी घाबरून एवढंच म्हटलं, "अण्णा, शांत हो. शांत हो." तू तोंड फिरवलंस.

परतीच्या प्रवासात तू माझ्याशी बोललास, पण कामापुरतं. पाणी दे. पांघरूण घे. कुठलं स्टेशन आलं? रागावलेला माणूस असा नीट बोलला की जास्त भीती वाटते. दंडाला पट्टा बांधू दिलास, आकडा विचारला नाहीस. मी ठरवलं, आता नको, ऑपरेशन होऊ दे, बरा होऊन घरी आला की ओट्यावर बसून सगळं बोलू. माणूस घरी येणारच, हे धरून चालतो आपण.

सोलापूरला स्टेशनवर वहिनी होती. तिला मी फक्त एवढं सांगितलं, की रिपोर्ट आलाय, ऑपरेशन करावं लागेल. कधी आला ते सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस. तिनं तुझ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "चल, दवाखान्यात जाऊ, उशीर व्हायलाय." तू मला वाचवलंस की तुला त्यावर बोलायचंच नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, वहिनीचा हात दाबलास. तिसऱ्या दिवशी गेलास. काचेपलीकडून मी तुला एकदा बघितलं, तोंडात नळी होती. तू बघितलंस की नाही, ठाऊक नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. एक दिवस आधी आणला असता तर? ते म्हणाले, एका दिवसानं फारसा फरक पडत नाही, प्रवास केला तेव्हाच धोका होता. म्हणजे त्यांनी मला एका गुन्ह्यातून सोडवलं आणि दुसऱ्यात अडकवलं. आणि समजा दोन्हींतून सोडवलं असतं, तरी तू जे विचारलंस त्याला डॉक्टर काय उत्तर देणार? तुझ्या जिवाचं मी कामून ठरवलं?

विहाराचं सांगते. गेल्या रविवारी मी समितीच्या बैठकीला गेले. पहिल्यांदाच बोलले. आजोबांचं सांगितलं, मेस्त्रीचं सांगितलं, तुझ्या मोबाइलमधले भिंतीचे फोटो दाखवले. पोरं बराच वेळ वाद घालत होती. कल्याणला चुना घोटणारं आता कोण राहिलंय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी ठरलं, बुद्धमूर्तीच्या मागची भिंत तेवढी चुन्याची, बाकी सिमेंटची. तुला हे अर्धवट वाटेल. मलाही वाटलं. पण वर्गीस मेस्त्रीला मी फोन केला तेव्हा तो आधी तुझ्यासाठी रडला, आणि मग म्हणाला, पाऊस सरला की येतो. एवढ्या लांब येतो म्हणाला, अण्णा.

इथवर काल दुपारी लिहिलं आणि थांबले. वहिनीचं लिहायचं राहिलं होतं, आणि ते लिहायचं तर आधी तिला सांगायला पाहिजे होतं. उद्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर माइक हातात घेऊन मी तुझ्याबद्दल बोलणार, आणि पहिल्या रांगेत ती बसणार. ते मला जमलं नसतं.

आज सकाळी गेले. ती मागच्या पडवीत तूर पाखडत होती. मी बसले.  

"वैनी, तुला एक सांगायचंय. डॉक्टरचा फोन मला कोचीतच आला होता. पहिल्या दिवशी. आजच निघा म्हणाले होते. मी अण्णाला एक दिवस सांगितलं न्हाई. तुला तर सांगितलंच न्हाई."

सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं. वर न बघता म्हणाली, "मला वाटलंच होतं. टेसनावर तुमी दोघं एकमेकांकडं बघतच नव्हताव."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. घेईल असं मला वाटलंही नव्हतं.

"मला लई राग आलाय, वंदना," ती म्हणाली. मला ती कधी वंदना म्हणत नाही. "तुला म्हणले होते लपवू नको. दोन दिवस तर दोन दिवस, मी रेल्वेत बसून आले असते. संगं बसले असते त्यांच्या. तेबी तू मला दिलं न्हाईस. ह्यो राग जाईल का न्हाई, मला सांगता येईना."

"नको जाऊ दे," मी म्हटलं.

 मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "त्या दिवशी खूश होते का ते?"

"लई. लई खूश होता."

"मग सांग मला त्यो दिवस. सकाळपासनं सांग. काय बी गाळू नको."

मी सांगायला लागले. मेस्त्री, चुना, हिरडा, थापी, तुझी ती चमकणारी हातभर भिंत. ती मधूनमधून विचारत होती. कोणता शर्ट घातला होता? निळा. गोळी घेतली होती का? मी दिली होती, दोन्ही वेळा. हसले होते का? कितीदा तरी. थापी हातात घेऊन पाठमोरे होते तेव्हा रडत होते का? मला वाटतं, हो.

"आणि दुपारी जेवले काय?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. अण्णा, मला आठवेना. मेस्त्रीनं सगळ्यांना जेवायला बसवलं होतं एवढं आठवतं. तू माझ्या शेजारीच होतास. मी तुझा श्वास मोजत होते, तुझी छाती बघत होते, पिशवीतल्या फोनला हात लावून बघत होते. तुझ्या पानाकडं मी एकदाही बघितलं नाही. भात होता का? मासा होता का? मासे खाल्लेस का तू समुद्राकाठी? आवडले का?

"आठवत न्हाई, वैनी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आठव," ती म्हणाली. "घाई न्हाई. मी हाय हितंच."

मी अजून तिच्या पडवीतच बसून हे लिहितेय, अण्णा. आठवायलेय.